शहरात रोज घालायचे ट्रेल स्नीकर: निवड तळापासून करा

जाड दातेरी सोल, पुढे रबराची टोपी, अंगाला चिवट जाळी आणि नाडीच्या जागी ओढून घट्ट करायची बारीक दोरी. डोंगरासाठी बनलेले हे बूट आता ऑफिसात, कॉलेजात आणि लोकलच्या डब्यात सर्रास दिसतात. सालोमनचा एक्सटी-६ हा बूट २०१३ साली आला तो लांब पल्ल्याच्या डोंगरी शर्यतींसाठी; आज तो जगभरच्या शहरांत जीन्सखाली दिसतो.

आपल्या रस्त्यांना असा मजबूत बूट मानवतोच. उखडलेले पेव्हर ब्लॉक, मेट्रोच्या कामाची पसरलेली खडी, फुटपाथवरून चार पावलांत तीनदा चढ-उतार, या सगळ्यात पातळ तळाचा कॅनव्हासचा बूट संध्याकाळपर्यंत तळवे दुखवतो. पण डोंगरावर जे गुण म्हणून मिरवतं, त्यातलं काही शहरात, आणि पावसाळ्यात तर नक्कीच, पाय घसरवतं. म्हणून पहिल्यांदाच असा बूट घेणाऱ्याने रंग आणि ब्रँड शेवटी बघावा, सोल आधी उलटून बघावा. खालचा क्रम मुख्यतः मुंबई-पुण्याचा वापर डोळ्यासमोर ठेवून लावला आहे.

१. आधी आपली रोजची वाट कागदावर मांडा

दुकानात जायच्या आधी पाच मिनिटं बसा आणि आपला पाय आठवडाभर कशाकशावर पडतो ते लिहून काढा. डोंबिवलीहून फोर्टला जाणाऱ्याची यादी अशी होईल: इमारतीच्या कोटा लादीच्या पायऱ्या, रिक्षा स्टँडपर्यंतचा खड्ड्यांचा रस्ता, रेल्वेचा पूल, फलाट, सीएसएमटीच्या भुयारी मार्गातल्या फरश्या, ऑफिसच्या लॉबीतला चकचकीत ग्रॅनाइट. या अख्ख्या यादीत माती कुठेच नाही. पुण्यात मोटरसायकलवर फिरणाऱ्याची यादी वेगळी: डावा पाय गिअरवर, सिग्नलला टेकायला एक पाय खाली, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी सिंहगड. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तिथे तापलेल्या डांबरापासून तळव्याचं रक्षण आणि बुटात खेळती हवा या दोनच गोष्टी सगळ्यात वर येतात.

यादी झाली की तीन प्रश्नांची उत्तरं काढा. ओली, गुळगुळीत फरशी किती? साचलेलं पाणी किती? खरीखुरी माती आणि खडक किती? माती महिन्यातून एकदाच असेल तर बूट शहराकडे झुकणारा घ्या. सिंहगडाची पायवाट तोही निभावून नेतो. दर शनिवार-रविवार ट्रेक असेल तर मात्र ट्रेकचा जोड वेगळा ठेवा. एकाच जोडाकडून दोन्ही कामं पूर्ण ताकदीने करून घेतली की तो दोन्हीकडे लवकर थकतो.

२. सोल: इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

१९३५ साली इटालियन आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक दगावले. त्यांचा मित्र आणि स्वतः गिर्यारोहक असलेल्या विताले ब्रामानी यांना वाटलं की त्या काळचे बूट डोंगरासाठी पुरेसे नव्हते. १९३७ मध्ये त्यांनी खोल नक्षीचा रबरी सोल काढला. त्यातूनच व्हायब्रम ही कंपनी उभी राहिली. आजच्या प्रत्येक डोंगरी बुटाच्या तळाला जे दाते दिसतात त्यांचं मूळ बरंचसं तिथे आहे.

हे दाते काम कसं करतात ते समजलं की निम्मी निवड होते. मऊ मातीत, चिखलात दाते आत रुततात आणि पाय मागे सरकू देत नाहीत. ओल्या फरशीत रुतायला जागाच नाही. तिथे पकड दोन गोष्टींवर ठरते: रबराचा किती भाग फरशीला प्रत्यक्ष टेकतो, आणि ते रबर किती मऊ, चिकटणारं आहे. खोल, टोकदार, एकमेकांपासून लांब असलेले दाते फरशीला फक्त टोकांनी टेकतात. त्यात रबरही कडक असेल तर मॉलच्या दारातल्या ओल्या लादीवर असा बूट साध्या चपलेपेक्षाही जास्त घसरतो. ‘एवढा दणकट सोल आहे, म्हणजे ग्रिप भारीच असणार’ हा समज नव्या माणसाला सगळ्यात जास्त महागात पडतो.

रस्त्यावर धावायच्या बुटांची नक्षी साधारण २-३ मिमी खोल असते, ट्रेल शूजची ४-५ मिमी, आणि निव्वळ चिखलासाठी बनलेल्यांची ६ मिमी किंवा त्याहून जास्त. शहरासाठी अडीच ते चार मिमी पुरते. दात्यांची डोकी रुंद आणि सपाट असावीत, ते जवळजवळ असावेत, आणि त्यांच्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतील तर आणखी चांगलं. त्या चिरांतून पाणी बाजूला सरतं. टाचेच्या मागच्या कडेला नीट पाहा. पायरी उतरताना आधी टेकते ती हीच कडा. तिथे रबराऐवजी फोम उघडा दिसत असेल तर तो जोड बाजूला ठेवा.

आता दुकानात करायची परीक्षा. अंगठ्याचं नख दात्यावर दाबा. नख किंचित रुततं आणि सोडल्यावर खूण भरून येते, ते रबर बरं. नख घसरून जातं आणि रबर प्लॅस्टिकसारखं टणक लागतं, ते नको. मग रुमाल थोडा ओला करून दोन्ही सोल पुसा, बूट घाला, दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर उभे राहा आणि एका हाताने काउंटर धरून पाय पुढे-मागे रेटून पाहा. जोडापाठोपाठ जोड असा पाहिलात की फरक पायाला आपोआप कळतो, कुणी सांगायची गरज राहत नाही. दुकानदाराला आधी विचारा. माझ्या अनुभवात नाही म्हणणारे फार थोडे, आणि जो नाहीच म्हणेल त्याच्याकडे घ्यायची घाई करू नका.

सह्याद्रीत भटकणारे ॲक्शन या ब्रँडच्या ट्रेकिंग शूजचं नाव वर्षानुवर्षं घेतात ते दिसण्यासाठी घेत नाहीत, कातळावरच्या पकडीसाठी घेतात, आणि किंमत बेताची असते म्हणून. किंमत आणि पकड हातात हात घालून चालत नाहीत हे त्यावरून लक्षात ठेवा. सोलवर व्हायब्रमचा पिवळा अष्टकोनी शिक्का असला तरी एवढ्यावर थांबू नका. त्यांचीच वेगवेगळी रबरं आहेत. मेगाग्रिप नावाचं रबर ओल्या पृष्ठभागावरच्या पकडीसाठी ओळखलं जातं, तर काही रबरं टिकाऊपणाकडे झुकलेली असतात. मऊ रबराची एक किंमत मोजावी लागते: डांबरावर ते लवकर झिजतं. मी तरी ती किंमत आनंदाने मोजायला सांगेन. झिजलेला बूट बदलता येतो, मोडलेलं मनगट सहा आठवडे घरी बसवतं.

सोल आणि पाय यांच्यामधला मऊ थर बहुतेक वेळा ईव्हीए फोमचा असतो, काही दणकट बुटांत पीयू म्हणजे पॉलीयुरेथेनचा. पीयू सहजासहजी दबत नाही, वर्षानुवर्षं आकार धरतो, पण दमट हवा त्याला आतून खाते. माळ्यावर तीन-चार वर्षं जपून ठेवलेला ‘नवाकोरा’ बूट घालून बाहेर पडावं आणि सोलचा भुगा होऊन रस्त्यावर सांडावा, हा प्रकार किनाऱ्यालगतच्या शहरांत अनेकांनी पाहिला आहे. त्यात दोष वापराचा नसतो. आर्द्रतेने पीयूची रासायनिक साखळीच तुटते. म्हणून सेलमध्ये जुना साठा घेताना खोक्यावरचा उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना-वर्ष वाचा. पीयू सोलचा दोन वर्षांहून जुना जोड कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्या.

सोलची उंचीही बघा. हल्ली टाचेखाली ३५-४० मिमी फोम असलेले बूट मिळतात. घातले की गादीवर चालल्यासारखं वाटतं, पण हलत्या पेव्हर ब्लॉकवर पाऊल पडलं की तोच उंच, मऊ थर घोटा मुरगळायला मदत करतो. नव्या माणसाने २५-३० मिमीच्या आसपास राहावं. मोटरसायकलवाल्यांनी तर आणखी काळजी घ्यावी: जाड सोलमधून गिअरचा अंदाज येत नाही आणि मोठे दाते फूटरेस्टच्या कडेला अडकतात.

शेवटी बूट हातात घेऊन वाकवा. तो चवड्यापाशी, म्हणजे बोटं जिथून दुमडतात तिथे वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर तो फक्त दिसायला डोंगरी आहे. टाच एका हातात आणि पुढचा भाग दुसऱ्या हातात धरून पिळा. थोडा विरोध जाणवला पाहिजे.

३. पाणी: वॉटरप्रूफ घ्यायचा की नाही

अनेक वॉटरप्रूफ बुटांच्या आत गोअर-टेक्स नावाचा पातळ पडदा असतो. त्याचा शोध १९६९ मधला. बॉब गोअर यांनी पीटीएफई (टेफ्लॉन) हे द्रव्य झटक्यात ताणलं आणि असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार झाला. पाण्याचा थेंब त्यातून जात नाही, घामाची वाफ जाते. कल्पना अफलातून आहे, पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा कोरडी किंवा गार लागते. जुलैतल्या मुंबईत हवाच ओलीचिंब असते. घाम आत साठतो, मोजे संध्याकाळी बाहेरच्या पावसाशिवायच ओले होतात.

दुसरी अडचण मोठी आहे. सांताक्रूझला जून ते सप्टेंबरात सरासरी सुमारे २,३०० मिमी पाऊस पडतो. मिलन सबवे किंवा हिंदमातासारख्या जागी पाणी घोट्याच्या वर चढलं की ते बुटाच्या तोंडातून आत शिरतं, आणि जो पडदा पाणी आत येऊ देत नाही तोच ते बाहेरही जाऊ देत नाही. असा बूट वाळायला दोन-दोन दिवस घेतो. मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्यात रोजच्या वापराला मी वॉटरप्रूफ पडदा घ्यायला सांगणार नाही. पडदा नसलेली, पाणी पटकन निथळू देणारी सिंथेटिक जाळी घ्या, सोबत बॅगेत मोज्यांचा सुका जोड ठेवा. मोजे सुती नकोत, पॉलिएस्टरचे किंवा लोकरी मिश्रणाचे असावेत.

पुण्यात पाऊस मुंबईच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतका, आणि बराचसा भुरभुर पडणारा. तिथे ओल्या रस्त्यावरून पाच-दहा मिनिटं चालणाऱ्याला पडद्याचा बूट उपयोगी पडू शकतो, फक्त मार्च ते मे तो त्रास देईल. लंडन, टोरांटो किंवा सिएटलला राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी उत्तर उलटं आहे: गार हवा, रिपरिप, वितळता बर्फ, अशा ठिकाणी पडदा आपलं काम चोख करतो.

एक गोष्ट बुटापलीकडची, पण सांगायलाच हवी. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं आणि पायाला साधी चीर जरी असेल, तरी लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. मुंबई महापालिका दर पावसाळ्यात अशा लोकांना वेळेत डॉक्टरांचा सल्ला घेऊन प्रतिबंधक औषध घ्यायला सांगते. जाळीचा बूट यापासून वाचवत नाही. तुमच्या गल्लीत दरवर्षी गुडघाभर पाणी भरत असेल तर गमबूट वेगळे घ्या आणि स्नीकर पिशवीत न्या.

४. माप

घरी कागद भिंतीला लावून त्यावर टाच टेकवून उभे राहा, सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी खूण करा आणि सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पाय मोजा. थोडा फरक असतोच, मोठा पाय धरा. यूके ८ आणि ईयू ४२ यांचा मेळ प्रत्येक ब्रँड आपापल्या पद्धतीने घालतो, त्यामुळे ‘मला आठ नंबर लागतो’ एवढ्यावर ऑनलाइन मागवू नका. आतल्या लेबलवर बहुधा सेंटिमीटरचाही आकडा असतो, त्याच्याशी ताडून पाहा.

बूट संध्याकाळी घ्यायला जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सकाळी बरोबर वाटलेला बूट संध्याकाळच्या गाडीत उभं राहिल्यावर चावायला लागतो. रोज वापरता तेच मोजे घालून जा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, साधारण एक सेंटिमीटर जागा हवी.

लांबीपेक्षा आपल्याकडे घोळ होतो तो रुंदीचा. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर लोकांच्या पायांची मापं घेतली आणि ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवली; त्यात भारतीय पाय सर्वसाधारणपणे जास्त रुंद असल्याचं दिसलं. बाजारातले बहुतेक डोंगरी बूट युरोपीय साच्यावर बेतलेले, काही तर मुद्दाम अरुंद, कारण कड्यावर पाय आत हलू नये. करंगळीपाशी दाबतंय म्हणून एक नंबर मोठा घेतला की टाच सुटी पडते आणि पायरी उतरताना बूट पायातून निघायला बघतो. त्यापेक्षा त्याच मापात रुंद साच्याचा बूट मागा. बुटातून इनसोल, म्हणजे आतली सुटी गादी, बाहेर काढून त्यावर उभे राहा. चवडा दोन्ही बाजूंनी बाहेर ओघळत असेल तर तो साचा तुमचा नाही, नंबर कुठलाही असो.

टाच किंचितच उचलली जात असेल तर एक युक्ती करून बघा. बहुतेक ट्रेल शूजना सगळ्यात वर, मागच्या बाजूला एक जादा छिद्र असतं आणि लोक ते रिकामं सोडतात. नाडी त्याच बाजूच्या जादा छिद्रात आत घालून छोटा फास ठेवा, दुसऱ्या बाजूलाही तसंच करा, मग प्रत्येक नाडी समोरच्या फासातून काढून ओढा आणि गाठ मारा. टाच जागच्या जागी बसते.

५. वरचं अंग आणि नाडी

स्वेड आणि नुबक ही मखमली स्पर्शाची चामडी दिसायला सुंदर, पण पहिल्या पावसात डाग पडतात आणि दमट कपाटात बुरशी धरते. ऑक्टोबर ते मे घालायचा दुसरा जोड असेल तर घ्या. एकच जोड घेणार असाल तर जाड विणीची सिंथेटिक जाळी आणि झिजणाऱ्या जागी चिकटवलेले पातळ थर हेच बरं. पुढची रबरी टोपी हवीच: लोकलच्या गर्दीत बोटं वाचतात, आणि मोटरसायकलच्या गिअरने डाव्या बुटाचा जो माथा काळा होऊन फाटतो तोही टिकतो. बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी अंगाला शिवलेली आहे का पाहा. तशी असेल तर रस्त्यावरची रेती आत कमी जाते.

ओढून घट्ट करायची दोरी आपल्या घरांना सोयीची आहे. दारात बूट काढा, घाला, देवळात काढा, घाला, हे दिवसातून कितीदा चालतं. फक्त ती तुटली तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, कंपनीचा संच मागवावा लागतो. ज्यांना हे नको त्यांनी साधी नाडी असलेला बूट घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

६. पैसे

२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे या रेषेच्या जरा खालचे बूट पैशाच्या मानाने चांगले पडतात. देशी ट्रेकिंग शूज आणि डेकॅथलॉनच्या केचुआ या ब्रँडचे सुरुवातीचे जोड रोजच्या वापराला पुरेसे आहेत. पाच ते नऊ हजारांत रबर आणि फोम दोन्ही सुधारतात. त्यापुढचे पैसे बऱ्याचदा हलकेपणाचे आणि नावाचे असतात. आवडत असेल तर जरूर द्या, पण ओल्या फरशीची परीक्षा पंधरा हजारांच्या बुटालाही लावा. ऑनलाइन घेताना परत करण्याची मुदत वाचा आणि पहिले दोन दिवस फक्त घरात घालून फिरा, सोलवर डाग पडला की परत घेणं अवघड होतं.

७. घरी आणल्यावर

नव्या सोलवर साच्यातून काढताना वापरलेल्या द्रव्याचा बारीक थर राहतो आणि तो घसरतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत खरखरीत रस्त्यावर चालून, किंवा साबणाच्या पाण्याने ब्रश मारून तो घालवा. नवा बूट घालून पहिल्याच दिवशी ओल्या फलाटावर धावू नका.

भिजलेला बूट उन्हात किंवा हीटरसमोर ठेवू नका. उष्णतेने ईव्हीए आक्रसतं आणि डिंक सुटतो. इनसोल काढा, नाड्या सैल करा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला आणि पंख्याखाली आडवा ठेवा. जमल्यास दोन साधे जोड आलटून पालटून वापरा. एक महागडा रोज ओला घालण्यापेक्षा पाय आणि बूट दोघांनाही ते बरं.

सोलची कड जरा उघडली की त्याच आठवड्यात मोच्याकडे जा. फट छोटी असताना साफ करून, डिंक लावून, दाबून ठेवलं की टिकतं; आत चिखल गेल्यावर टिकत नाही. कडेने शिलाई मारायची असेल तर आधी विचारा, कारण वॉटरप्रूफ पडद्याच्या बुटाला सुईने भोकं पडतात, आणि निव्वळ फोममध्ये टाका धरत नाही.

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी बूट उलटे करून टाचेची बाहेरची कड बघा. तिथले दाते सपाट झाले असतील, बोट फिरवल्यावर रबर काचेसारखं लागत असेल, तर तो जोड कोरड्या दिवसांसाठी बाजूला काढा आणि पहिल्या पावसाआधी दुसऱ्याची सोय करा.